गणवेश कोणी द्यावा, कोणी घालावा?



भाषेच्या एका शिक्षकाच्या स्मरणार्थ चालणाऱ्या या व्याख्यानमालेत यंदा ‘वाहतूक-कामगारांना पूर्ण गणवेशाची सक्ती असावी काय?’ असा विषय ठेवलेला पाहून काहींना नवल वाटले असेल. विषय संस्थेने सुचविला आणि त्यामागे कारणही तसेच आहे. मुलांची ने-आण करणाऱ्या रिक्षांच्या व व्हॅनच्या चालकांना पूर्ण गणवेशावाचून शाळेच्या फाटकाशी उभे राहू देऊ नये, अशी सूचना पालकसभेत आली आहे. तिच्यावरचा निर्णय अजून व्हावयाचा आहे. तेव्हा आज आपण ज्या प्रश्नाचा विचार करणार आहोत तो दूरचा नाही. तो रोज सकाळी आपल्या फाटकाशी येऊन उभा राहतो.

हैदराबादकरांना सार्वजनिक वाहनाची ओळख जुनी आहे. निजामाच्या राज्य-रेल्वेने १९३२ च्या जून महिन्यात २७ बसगाड्या आणि १६६ नोकर एवढ्या बळावर रस्तावाहतुकीचे खाते उघडले. त्याच खात्याच्या वारशातून ११ जानेवारी १९५८ रोजी आंध्र प्रदेशाचे मार्ग परिवहन महामंडळ उभे राहिले आणि राज्याच्या विभाजनानंतर आजचे तेलंगणाचे महामंडळ झाले. तिकडे एस.टी.ची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर धावली. एवढ्या वर्षांत गाड्या बदलल्या, तिकिटे बदलली, राज्येही बदलली. पण चालक-वाहक म्हटले की डोळ्यांपुढे खाकी कपडेच उभे राहतात. बंगळूरच्या बसमध्ये वाहकाचे काम केलेला एक मराठी घरातला तरुण पुढे रजनीकांत या नावाने दक्षिणेचा लाडका नट झाला आणि १९९५ च्या ‘बाशा’ चित्रपटात त्याने रिक्षाचालकाचा खाकी सदरा अंगावर चढविला, तेव्हा त्या सदऱ्याला अशी प्रतिष्ठा आली की सरकारी परिपत्रकाने ती कधी आली नसती.

माझा व्यवसाय शब्दांचा. म्हणून आरंभ शब्दांपासून करतो. अंगावरच्या खुणेवरून माणसाला नाव देण्याची आपली रीत जुनी आहे. ‘चपरास’ म्हणजे पट्ट्यावरचा पितळी बिल्ला; तो लावणारा चपराशी. ‘पट्टेवाला’ हा शब्दही त्याच कुळातला. या दोन्ही शब्दांत माणूस कोठेच नाही. आहे ती त्याच्या अंगावरची, मालकाने दिलेली खूण. ‘खाकी’ शब्दाचे मूळ फारसीत आहे. खाक म्हणजे माती, धूळ; आपण ‘जळून खाक झाले’ म्हणतो तोच हा शब्द. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास वायव्य सरहद्दीवरच्या ‘गाइड्स’ पथकाने धुळीत मिसळून जाणारा हा रंग घेतला, आणि लष्करातून तो पोलिसांकडे, टपालाकडे व बसकडे आला. रंगाबरोबर हुकमाचा वासही आला. लपण्यासाठी शोधलेला रंग ओळखू येण्यासाठी वापरला जाऊ लागला, हा त्यातला विनोद.

‘वर्दी’ हा शब्द अधिक मनोरंजक आहे. पोलिसपाटलाने ठाण्यावर वर्दी दिली म्हणजे खबर दिली. वर्दी म्हणजे पोशाख, हा दुसरा अर्थ. आणि पुण्या-कोल्हापुराकडच्या रिक्षाचालकांच्या बोलीत वर्दी म्हणजे आगाऊ ठरलेली फेरी : शाळेची वर्दी, लग्नाची वर्दी. खबर, पोशाख आणि ठरलेले काम. या तिन्ही अर्थांची मोट बांधली तर गणवेशाची चांगली व्याख्या तयार होते. हा माणूस एका ठरलेल्या कामावर आहे, अशी खबर देणारा पोशाख म्हणजे वर्दी. ‘गणवेश’ हा मात्र अलीकडचा, संस्कृत वळणाचा शब्द. गणाचा वेश तो गणवेश. आणि गण म्हटला की गणपती आलाच! ज्याच्या अंगावर गणवेश आहे त्याच्या पाठीशी कोणीतरी उभा आहे, त्याच्या कामाची आणि त्याच्या पोटाची जबाबदारी कोणीतरी घेतली आहे, असा या शब्दाचा ध्वनी आहे. हा ध्वनी लक्षात ठेवावा. पुढे आपल्याला त्याची गरज पडणार आहे.

आता सक्तीच्या बाजूने जे बोलले जाते ते प्रामाणिकपणे मांडले पाहिजे. ते पोकळ नाही. रात्री काचीगुड्याला गाडीतून उतरलेली एकटी स्त्री रिक्षात बसते, तेव्हा चालक कोण, कुठला, हे जाणण्याचा तिला हक्क आहे. गर्दीने भरलेल्या बसमध्ये भांडण झाले, कोणाला भोवळ आली, तर मदत कोणाकडे मागावी हे एका दृष्टिक्षेपात कळले पाहिजे. आपल्या पाच वर्षांच्या नातीला ज्याच्या हाती सोपवितो तो ओळखू यावा, ही आजोबांची अपेक्षा गैर कशी म्हणता येईल? गणवेशाचा लाभ कामगारालाही होतो. तो कामावर असल्याची खूण त्याला दांडगाईपासून काहीसे संरक्षण देते. घरचे कपडे तेला-धुळीपासून वाचतात. आणखी एक लाभ आपण सहसा बोलून दाखवीत नाही. ज्या समाजात पागोट्याच्या घडीवरून आणि धोतराच्या काष्ट्यावरून जात ओळखली जाई, त्या समाजात एकसारखा सदरा ही लहानशी क्रांतीच होती. वाहकाच्या हातून तिकीट घेताना त्याचे कूळ विचारण्याची सोय त्या सदऱ्याने ठेवली नाही.

हे सारे मान्य केले तरी दोन प्रश्न उरतात. या लाभांसाठी ‘पूर्ण’ गणवेशच हवा काय? आणि त्याचा भार कोणी वाहावयाचा?

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करू, कारण पुष्कळसा घोळ तेथेच आहे. आपल्या देशात दोन कायदे या विषयावर दोन वेगळ्या सुरांत बोलत आले. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या २८ व्या कलमाने, वाहतुकीच्या वाहनांच्या चालकांनी कोणता बिल्ला लावावा व कोणता गणवेश घालावा याचे नियम करण्याचा अधिकार राज्यांना दिला. हा सूर ‘तू घाल’ असा आहे. त्याच्या सत्तावीस वर्षे आधीचा, १९६१ चा मोटार वाहतूक कामगार कायदा पाहा. त्याच्या दहाव्या कलमात गणवेश आहे. पण तो कोणाच्या शेजारी बसला आहे? आठव्या कलमात उपाहारगृह, नवव्यात विश्रांतिगृह, दहाव्यात गणवेश, अकराव्यात वैद्यकीय सोय, बाराव्यात प्रथमोपचार. प्रकरण कामगारांच्या कल्याणाचे व आरोग्याचे. चालक, वाहक व तपासनीस यांना पाऊस-थंडीपासून रक्षण व्हावे म्हणून मालकाने गणवेश व रेनकोट द्यावेत असे नियम राज्यांनी करावेत, आणि त्या गणवेशाच्या धुलाईचा भत्ताही मालकाने द्यावा, असे तो कायदा म्हणत होता. हा सूर ‘तू दे’ असा आहे. तो कायदा आता २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत विलीन झाला आहे. परंतु त्यातली दृष्टी विसरण्यासारखी नाही.

माझे आजचे सारे प्रतिपादन एका वाक्यात सांगावयाचे तर असे, की गणवेश मुळात कल्याणाच्या प्रकरणातला होता. आपण तो उचलून दंडाच्या प्रकरणात नेऊन ठेवला. सक्तीचा वाद या स्थलांतरातून उद्भवला आहे.

यातही सर्वांत तळाशी कोण सापडला पाहा. १९६१ चा कायदा पाच किंवा अधिक कामगार असलेल्या वाहतूक-उद्योगांनाच लागू होता. एकटा रिक्षाचालक त्याच्या कक्षेत कधी आलाच नाही. म्हणजे ‘तू दे’ असे त्याच्यासाठी कोणाला सांगितले गेले नाही. ‘तू घाल’ एवढेच त्याच्या वाट्याला आले. महामंडळाच्या चालकाला गणवेश मिळतो आणि तो न घातल्यास जाब द्यावा लागतो, हा निदान देवाणघेवाणीचा व्यवहार आहे. रिक्षाचालकाला घेणे नाही, देणेच आहे.

ते देणेही थोडेथोडके नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये दुरुस्ती झाली. ज्या गुन्ह्यासाठी वेगळी शिक्षा सांगितलेली नाही अशा पहिल्या गुन्ह्याचा दंड १०० रुपयांवरून ५०० रुपयांवर गेला, आणि परवान्याच्या अटींचा भंग ठरला तर दंडाची रक्कम १०,००० रुपयांपर्यंत जाऊ शकते. दिल्लीत चालकांच्या एका संघटनेने या प्रश्नावर उच्च न्यायालयात दाद मागितली. तिचे म्हणणे ऐकण्यासारखे होते : नियमाच्या पुस्तकात रंग खाकी आहे आणि परवान्याच्या अटीत राखाडी, मग चालकाने घालावे तरी काय? खाकी घातली तर अट मोडते, राखाडी घातला तर नियम मोडतो. तिची दुसरी तक्रार सक्तीने हीनतेची खूण अंगावर येते अशी होती. गणवेशाने शिस्त येते व ओळख पटते, असा न्यायालयाचा कल दिसला. तो कल मला अमान्य नाही. परंतु ज्याने सक्ती करावयाची त्याने निदान आपला रंग तरी आधी ठरवावा, एवढी अपेक्षा शिस्तीतच बसते.

आता ‘पूर्ण’ या विशेषणाकडे वळू. सदरा, विजार, पट्टा, बूट, टोपी, नावाची पट्टी, बिल्ला असे सारे मिळून पूर्ण. यांतल्या कशाने प्रवाशाचे काम होते आणि कशाने केवळ तपासनिसाचे समाधान होते, याची निवड केली पाहिजे. खाकी सदरा बाजारात कोणालाही विकत मिळतो. सुलतानबाजारात तासाभरात शिवूनही मिळेल. त्याने माणसाची ओळख पटत नाही, ओळखीचा भास होतो. नाव आणि क्रमांक असलेला बिल्ला मात्र नोंदीवाचून मिळत नाही. मुलीच्या सुरक्षिततेची खरी काळजी असणाऱ्या पालकाने सदऱ्याच्या रंगापेक्षा बिल्ल्याचा क्रमांक पाहावा. टोपीने आणि पट्ट्याने सुरक्षितता तसूभर वाढत नाही.

टोपीवरून आठवले. इंग्लंडातल्या वुल्व्हरहॅम्प्टन शहरात १९६७ साली तरसेमसिंग संधू नावाचा बसचालक आजारपणाच्या रजेनंतर दाढी व पगडी राखून कामावर आला. गणवेशाच्या नियमात ते बसत नाही म्हणून त्याला परत पाठविले गेले. एका पगडीपायी जवळजवळ दोन वर्षे ते शहर धगधगत राहिले. एका शीख नेत्याने आत्मदहनाचा इशारा दिला. अखेर ९ एप्रिल १९६९ रोजी परिवहन समितीने बंदी उठविली. पगडी डोक्यावर आली म्हणून त्या शहरातली एकही बस वाट चुकली नाही. आपल्या १९८८ च्या कायद्याने शिरस्त्राणाच्या सक्तीतून पगडी घालणाऱ्या शिखांना सूट दिली आहे, यामागे हेच शहाणपण आहे. ओळख पटण्यासाठी माणसाची ओळख पुसावी लागत नाही.

दुसरे उदाहरण हवामानाचे. फ्रान्समधल्या नांत शहरात जून २०१७ मध्ये उष्णतेची लाट आली. तेथील बसचालकांना गणवेशात आखूड विजार घालण्याची मुभा नव्हती. स्त्रियांना स्कर्टची मात्र होती. तेव्हा काही पुरुष चालक स्कर्ट घालून कामावर आले! व्यवस्थापनाने आखूड विजारीला परवानगी देऊन प्रकरण मिटविले. आपल्याकडे मे महिन्यात पारा बेचाळीसला टेकतो, जुन्या बसचे इंजिन चालकाच्या मांडीशी तापत असते, आणि आपण त्याला गळ्यापर्यंत गुंड्या लाव म्हणतो. आपल्या चालकांना स्कर्ट घालण्याची बुद्धी झालेली नाही याबद्दल व्यवस्थापनांनी त्यांचे आभार मानावेत. गणवेश पाऊस-थंडीपासून रक्षणासाठी आहे, हे १९६१ च्या कायद्याचे वचन येथे उलटे झाले; गणवेशापासूनच रक्षण करण्याची वेळ आली.

स्त्री-वाहकांचा प्रश्न आणखी वेगळा. पुरुषाच्या मापाने कल्पिलेला पोशाख त्यांना देऊन भागत नाही. खिसे कोठे असावेत, दिवसभर गर्दीत वाकता-वळताना कापड कसे राहावे, हे त्यांनीच सांगावयाचे. महाराष्ट्र एस.टी.त पूर्वी कापड व शिलाईभत्ता देत. जानेवारी २०१८ पासून राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेकडून आरेखित केलेले तयार गणवेश देण्यास सुरुवात झाली. हेतू चांगला होता. परंतु मापाच्या तक्रारी लगोलग आल्या. तो पोशाख देखणा असेलही; पण घालणाऱ्याला विचारल्याशिवाय शिवलेले कपडे सहसा अंगाला बसत नाहीत.

याउलट घालणाऱ्यांनीच ठरविलेला वेश कसा टिकतो पाहा. मुंबईचे डबेवाले वाहतुकीचेच काम करतात. १८९० च्या सुमारास सुरू झालेल्या त्या व्यवसायात पांढरी टोपी ही त्यांची खूण आहे, आणि कामाच्या वेळी टोपीवाचून दिसणाऱ्याला त्यांचीच संघटना दंड करीत आली आहे. दंड तेथेही आहे. पण तो भावकीतला आहे. लोकलच्या गर्दीत त्या टोपीला वाट मिळते, म्हणून ती कोणाला जड होत नाही. आपल्या वारकऱ्यांकडे पाहा. गळ्यात तुळशीची माळ, कपाळी गोपीचंदन आणि बुक्का. कोणत्या परिपत्रकाने ही सक्ती केली? तरी लाखोंच्या गर्दीत वारकरी ओळखू येतो. ज्या वेशाने माणसाचा मान वाढतो त्यासाठी पहारेकरी नेमावा लागत नाही.

मान मात्र नुसत्या कपड्याने येत नाही. २०१६ च्या रेल्वे अंदाजपत्रकात सुरेश प्रभू यांनी हमालांना यापुढे ‘सहायक’ म्हणावे आणि त्यांना नवा गणवेश द्यावा असे जाहीर केले. भावना आदराची होती. परंतु डोक्यावरचे ओझे तेच राहिले, आणि फलाटावर हाकही बहुधा जुनीच ऐकू येते. नाव आणि वेश बदलला की स्थिती बदलते, असे मानण्याचा मोह आम्हा भाषेच्या लोकांना विशेष होतो. म्हणून हे उदाहरण मी मुद्दाम सांगितले.

आणि आता ज्या ध्वनीची आठवण ठेवावयास सांगितले होते, त्याकडे येतो. घरोघरी जेवण आणि सामान पोहोचविणारी हजारो तरुण मुले आज आपल्या शहरात दुचाकीवरून धावताना दिसतात. अंगावर कंपनीचा रंग, पाठीवर कंपनीचे नाव. कित्येकांना तो सदरा आणि ती पेटी पदरचे पैसे भरून घ्यावी लागते. अपघात झाला, पाय मोडला, की कळते, हा आमचा नोकर नव्हे, ‘भागीदार’ आहे! गणवेश सांगतो की हा अमक्याचा माणूस. करारपत्र सांगते की कोणाचाच नव्हे. गण आहे, गणवेश आहे. गणपती तेवढा बेपत्ता. गणवेशाच्या सक्तीचा याहून मोठा अन्याय मला माहीत नाही, कारण येथे पोशाख खबर देतो ती खोटी देतो. ज्याला आपला रंग दुसऱ्याच्या अंगावर घालावयाचा आहे त्याने त्या अंगाची जबाबदारीही घेतली पाहिजे.

कोणी म्हणेल, शाळेतल्या मुलांना गणवेशाची सक्ती चालते, मग चालकांनाच का नको? विद्यार्थिमित्रांनो, हा प्रश्न तुमच्या मनातही आला असेल. उत्तर तुमच्याच शाळेत आहे. ज्याच्या घरी दुसरा सदरा घेण्याची ऐपत नाही अशा मुलाला आपण फाटकाबाहेर उभे करीत नाही. त्याला सदरा मिळवून देतो. सरकारी शाळांतून मुलांना मोफत गणवेश देण्याची योजना याच विचारातून आली. सक्ती आणि तरतूद या जुळ्या बहिणी आहेत. एकीला बोलावून दुसरीला दाराबाहेर ठेवता येत नाही.

तेव्हा माझे उत्तर काय? वाहतूक-कामगाराने कामावर असताना ओळखू येईल अशा वेशात असावे, आणि त्याची सक्तीही असावी, असे माझे मत आहे. परंतु तीन अटींवर. पहिली, जो सक्ती करील त्याने गणवेश द्यावा, निदान दोन जोड, आणि धुलाईचा खर्चही धरावा. दुसरी, सक्ती ओळखीपुरती असावी : बिल्ला अनिवार्य, सदरा आवश्यक, टोपी, बूट, गुंड्या यांवरून कोणाची दिवसाची कमाई जाऊ नये. तिसरी, रंग, कापड आणि शिलाई ठरविताना घालणाऱ्यांना, विशेषतः स्त्रियांना, विचारावे. या तिन्ही अटी मान्य नसतील तर सक्तीचे नाव घेऊ नये.

आपल्या फाटकापुरते बोलावयाचे तर कार्यकारिणीला माझी विनंती अशी. प्रत्येक चालकाचे नाव, परवाना आणि बिल्ल्याचा क्रमांक यांची नोंद शाळेने याच महिन्यात करावी; ती नसेल त्याला मूल देऊ नये. यात तडजोड नको. सदऱ्याचा खर्च शाळेने व पालकांनी वाटून घ्यावा; वर्षाकाठी एका मुलामागे तो एखाद्या वाढदिवसाच्या खाऊहून अधिक होणार नाही. आणि गणवेशाबरोबर त्याचे जुने शेजारीही परत आणावेत. फाटकाजवळ चार माणसांना बसता येईल असा एक बाक, वर पत्र्याची सावली आणि पिण्याच्या पाण्याचा एक माठ. १९६१ च्या कायद्यात विश्रांतीची जागा नवव्या कलमात आहे आणि गणवेश दहाव्यात. आपण तोच क्रम पाळू या. आधी सावली, मग सदरा.

हे झाल्यावर सदरा न घालता येणाऱ्या चालकाला रागावण्याचा अधिकार आपल्याला प्राप्त होईल. आणि मला वाटते, तो वापरण्याची वेळ क्वचितच येईल.